गिऱ्हाईकाचा फोन, दलालाची निवड

कर्जतहून गेल्या आठवड्यात एक पत्र आमच्या हाती आले. पत्र लिहिणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत. पत्रात आक्रस्ताळेपणा नाही, कोणाचे नाव घेऊन आरोप नाही. आणि म्हणूनच ते वाचून बाजूस ठेवणे आम्हांस जमले नाही. त्यांच्या घरी कामास येणारी एक कातकरी बाई, मुलगा अकरावीस गेला म्हणून त्याच्यासाठी फोन घ्यावयास निघाली. नवऱ्याची वीटभट्टीवरील मजुरी आणि आपली घरकामे यांतून तिने नऊ हजार रुपये साठविले होते. मास्तरांनी तिला तेवढ्यात बसेल अशा एका साध्या फोनचे नाव चिठ्ठीवर लिहून दिले. बाई परतली ती दुसराच फोन घेऊन. त्याची किंमत पंधरा हजार. साठविलेले पैसे आगाऊ गेले, उरलेल्या रकमेचे हप्ते बांधले गेले, वर कर्जाचे शुल्क आणि फोनचा विमा. शिवाय जुना नंबर दुसऱ्या कंपनीकडे वळवून नवे सिमकार्ड दिले, आणि त्या कंपनीची रेंज तिच्या वाडीवर येत नाही. ‘चिठ्ठीतला आता कोणी घेत नाही, हाच चांगला, असे दुकानातला पोरगा म्हणाला,’ एवढेच तिचे सांगणे. मास्तरांनी अखेरीस विचारले आहे, ‘यात नेमकी फसवणूक कोणती हे मला दाखविता येत नाही, पण ती झाली आहे असे वाटते. आपण सांगू शकाल काय?’

हा प्रश्न एका बाईचा नाही. कर्जत, नेरळ, खोपोली, चौक येथील बाजारपेठांत सणासुदीच्या दिवसांत जे शेकडो व्यवहार होतात, त्यांतील अनेकांचा तो प्रश्न आहे. खालापूर तालुक्यातील पाताळगंगेच्या औद्योगिक पट्ट्यात कंत्राटावर लागलेला तरुण पहिल्या पगारातून जी वस्तू घेतो ती बहुधा फोन असते. कशेळे-कडावकडील शेतकऱ्याच्या घरात भातविक्रीचे पैसे आले की त्यांतील काही वाटा याच दुकानांत जातो. आणि मुंबई-पुण्याच्या आमच्या वाचकांनी हे दुसऱ्याचे दुःख म्हणून वाचू नये. झगमगीत दालनात जाऊन तेही हाच प्रश्न विचारतात, ‘तुमच्या मते कोणता घ्यावा?’ उत्तर देणारा कोणाचे मीठ खातो, हे मात्र तेही विचारीत नाहीत.

त्या पोराने खोटे सांगितले असेलच असे नाही. त्याने विकलेला फोन वाईटच असेल असेही नाही. प्रश्न वेगळा आहे. तो पोरगा कोणाचा होता? गल्ल्यापलीकडे उभा असलेला प्रत्येक मनुष्य दुकानदाराचा नोकर असतो, असा आपला भाबडा समज असतो. मोबाईलच्या दुकानांत पुष्कळदा तसे नसते. फोन बनविणाऱ्या कंपन्या आपली माणसे दुकानांत उभी करतात. व्यवसायात त्यांना ‘प्रमोटर’ म्हणतात. महिन्याकाठी अमुक इतके नग खपविण्याचे ‘टार्गेट’ त्यांच्या डोक्यावर असते आणि खपलेल्या नगामागे काही रक्कम त्यांच्या पदरी पडते. दुकानदाराचे गणितही याहून फार निराळे नाही. छापील किमतीतील त्याचे ‘मार्जिन’ हा उत्पन्नाचा एक भाग झाला. दुसरा भाग ‘स्कीम’चा. अमुक संख्या गाठली तर इतके अधिक, त्यापुढची पायरी चढली तर आणखी अधिक. महिन्याच्या पंचविसाव्या तारखेस ज्या दुकानदारास पुढची पायरी गाठण्यास चारच नग कमी पडतात, त्याच्या दृष्टीने त्या दिवशी जगातील सर्वोत्तम फोन कोणता, हे सांगावयास ज्योतिषी नको.

येथेच हे संपत नाही. फोन हप्त्यावर दिला तर कर्ज देणाऱ्या कंपनीकडून मिळकत, विमा गळ्यात घातला तर त्याची मिळकत, नवे सिम चालू करून दिले किंवा जुना नंबर दुसरीकडे वळविला तर दूरसंचार कंपनीकडून मिळकत. एका बाईच्या एका फोनभोवती चार हात होते, आणि त्या चारही हातांना तिच्याखेरीज अन्य कोणी पैसे देत होते. निदान वरकरणी तरी अन्य कोणी. कारण शेवटी ती सर्व रक्कम तिच्याच नऊ हजारांतून आणि पुढच्या हप्त्यांतून निघणार, हे उघड आहे.

कर्जत स्थानकाच्या फलाटावर वडेवाला ‘वडा, गरम वडा’ म्हणून ओरडतो. त्याच्या ओरडण्यात अतिशयोक्ती असेल, पण लबाडी नाही. तो वडेवाला आहे, वडा खपला तर त्याचे पोट भरणार आहे, हे डब्यातील लहान मूलही जाणते. त्याचे बोलणे जाहिरात म्हणून ऐकले जाते, सल्ला म्हणून नव्हे. मोबाईलच्या दुकानातील जाहिरात मात्र सल्ल्याचे कपडे घालून उभी असते. मास्तरांना जी फसवणूक जाणवली परंतु दाखविता आली नाही, ती आमच्या मते हीच होय. दलाली हा गुन्हा नव्हे. लपविलेली दलाली हा मात्र विश्वासाचा भंग आहे.

हे सर्व कसे वाढत गेले ते पाहणे बोधप्रद आहे. जुलै २०१४ मध्ये शाओमी या चिनी कंपनीने फ्लिपकार्टच्या मार्फत भारतात पदार्पण केले. दुकानाचा खर्च नाही, मधली अडत नाही, म्हणून किंमत कमी, असा तिचा मार्ग होता. ओप्पो आणि विवो या दुसऱ्या दोन चिनी कंपन्यांनी नेमका उलटा मार्ग धरला. त्यांनी दुकानदार आपलासा केला. त्याला अधिक मार्जिन, त्याच्या दुकानावर कंपनीची पाटी, आत कंपनीची माणसे. थोड्याच वर्षांत तालुक्याच्या गावांतील दुकानेदेखील हिरव्या-निळ्या पाट्यांनी झाकून गेली. २०१७ साली ओप्पोने भारतीय क्रिकेट संघाच्या गणवेशावरील जागा १,०७९ कोटी रुपयांना घेतली. त्याच वर्षी विवोने आयपीएल स्पर्धेच्या नावाचे पाच वर्षांचे हक्क २,१९९ कोटींना घेतले. आपल्या मालाची जाहिरात करण्याचा हक्क प्रत्येक व्यापाऱ्यास आहे आणि त्याबद्दल या कंपन्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु मैदानावरील जाहिरात जाहिरात म्हणून दिसते; गल्ल्यावरील दिसत नाही. फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

दुकानदाराची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, आणि ती लटकी नाही. जागेचे भाडे, विजेचे बिल, नोकरांचे पगार त्याला चुकत नाहीत. गिऱ्हाईक त्याच्या दुकानात येऊन अर्धा तास फोन हाताळते आणि घरी जाऊन इंटरनेटवरून मागविते. काही फोन तर बराच काळ केवळ एखाद्या इंटरनेट-बाजारातच मिळत असत. दुकानदारास ते विकावयास मिळतच नसत. अशा एकाधिकारी करारांबद्दल व्यापारी संघटनांनी तक्रारी केल्या. दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने १३ जानेवारी २०२० रोजी अॅमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. याचा अर्थ असा की, ज्या रोगाबद्दल आम्ही लिहीत आहोत तो खोपोलीच्या लहान दुकानदारापासून सुरू झालेला नाही. गिऱ्हाईकाने काय पाहावे हे पडद्यामागील करारांनी ठरविण्याची रीत इंटरनेटच्या बाजारातही आहे. लहान दुकानदार हा त्या साखळीतील शेवटचा आणि सर्वांत दुबळा दुवा होय. त्याच्यावर दगड मारून साखळी तुटणार नाही.

आता दूरसंचार कंपन्यांकडे वळू. अमेरिकेसारख्या देशांत फोन पुष्कळदा दुकानदाराकडून नव्हे, तर दूरसंचार कंपनीकडून मिळत आला. दोन वर्षे आमचीच सेवा घेईन असा करार करा, आणि फोन अल्प किमतीत न्या. याचा प्रत्यय आपल्याला २००८ साली आला. आयफोनचे जे रूप अमेरिकेत दोन वर्षांच्या कराराने १९९ डॉलरला मिळत होते, तेच त्या ऑगस्टमध्ये एअरटेल आणि व्होडाफोन यांनी आपल्याकडे ३१,००० रुपयांस विकावयास काढले. अमेरिकन गिऱ्हाईकास फोन स्वस्त पडला असे नव्हे. त्याची उरलेली किंमत महिन्याच्या बिलात विरघळविली होती, इतकेच.

आपल्याकडे बहुसंख्य लोक आधी पैसे भरून मग बोलणारे; म्हणून ही पद्धत मूळ धरू शकली नाही. प्रयत्न मात्र वारंवार झाले. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमने ५०१ रुपये भरा आणि फोन न्या अशी योजना काढली. तो फोन त्या कंपनीच्या जाळ्याखेरीज चालत नसे. २०१७ साली १,५०० रुपये अनामत घेऊन जिओफोन आला. तोही त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेला जिओफोन नेक्स्ट ६,४९९ रुपयांस रोखीने, अथवा १,९९९ रुपये व ५०१ रुपयांचे शुल्क भरून, इंटरनेट-सेवेसह अठरा किंवा चोवीस महिन्यांच्या हप्त्यांनी मिळे. या योजनांमुळे गरिबाच्या हाती फोन लवकर पोहोचला, हे मान्य केले पाहिजे. जे उघड सांगून बांधले जाते त्यास आमचा आक्षेप नाही. परंतु फोनचा सौदा आणि सेवेचा सौदा एकात मिसळला, की कोणत्या गोष्टीसाठी आपण किती मोजले हे गिऱ्हाईकास कळेनासे होते.

तालुक्याच्या दुकानात ही मिसळ आजही होते, मात्र कराराच्या कागदावाचून. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क सर्व भारतीयांना २० जानेवारी २०११ पासून मिळाला. गिऱ्हाईकाला स्वातंत्र्य मिळावे म्हणून दिलेला हा हक्क गल्ल्यावर दुकानदाराच्या कमाईचे साधन होतो. कर्जतच्या बाजारात चारही दांड्या दाखविणारे सिम भीमाशंकरच्या पायथ्याच्या वाडीत मुके होऊ शकते. सह्याद्रीच्या कुशीतील गावांना ही गोष्ट क्षुल्लक नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाहनाचा रस्ता नसलेल्या त्या वाडीपर्यंत मदतीची पथके डोंगर चढून गेली. अशा वस्त्यांतून फोन लागणे ही चैन नव्हे, तो जीविताच्या रक्षणाचा भाग आहे. कोणत्या कंपनीची सेवा कोठे पोहोचते याचे नकाशे संकेतस्थळावर देण्याचे बंधन दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या नियमांनी कंपन्यांवर घातले. परंतु सिम विकताना तो नकाशा गिऱ्हाईकापुढे धरण्याची तसदी किती दुकाने घेतात?

राहिला हप्त्यांचा प्रश्न. या भागातील कातकऱ्यांना ‘उचल’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हंगामापूर्वी भट्टीवाल्याकडून घेतलेली रक्कम हंगामभर राबून फेडावयाची, आणि हिशेब दुसऱ्याच्या वहीत राहावयाचा, ही ती उचल. हप्त्याचा फोन आणि भट्टीची उचल एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. हप्त्याला कागद असतो, कायदा असतो, दाद मागण्याची जागा असते. तथापि ज्याला कागद वाचता येत नाही, त्याच्यापुरते दोहोंतील अंतर कमी होत जाते. ‘बिनव्याजी’ हा शब्द ऐकून तर सुशिक्षितही भुलतात. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, व्याज शुल्कात वा किमतीत लपविलेले असते, अशा अर्थाची स्पष्ट समज रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ रोजीच बँकांना दिली होती. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी बजाज फायनान्सला दोन प्रकारची हप्तेकर्जे देण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली. कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक ऋणकोस न देणे हे त्यामागील एक कारण होते. त्रुटी दूर झाल्यावर २ मे २०२४ रोजी ती मनाई उठली. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीलादेखील एक साधे पत्रक हाती देण्याची आठवण नियामकास करून द्यावी लागली. मग कर्जतच्या बाईला ते मिळाले काय, आणि मिळाले तर तिला ते कोणी वाचून दाखविले, हे विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

यावर एक आक्षेप येईल. गिऱ्हाईक सज्ञान आहे, इंटरनेटवर सर्व फोनांची तुलना मिळते, न पाहता घेतले तर दोष त्याचा. हे म्हणणे सयुक्तिक वाटते. पण जिला पहिलाच फोन घ्यावयाचा आहे तिने ती तुलना कशावर पाहावी? आणि ज्ञान कमी आहे म्हणूनच मनुष्य जाणत्याला विचारतो. वैद्याला विचारतो, वकिलाला विचारतो, मास्तराला विचारतो. जाणत्याने त्या विश्वासावर तिसऱ्याकडून पैसे घ्यावयाचे आणि ते सांगावयाचे नाहीत, ही रीत वैद्यकात ‘कट’ या नावाने बदनाम झाली आहे. २०१७ साली महाराष्ट्रात तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदा करण्यापर्यंत मजल गेली. रोग्याच्या बाबतीत जे आपल्याला खटकते, ते गिऱ्हाईकाच्या बाबतीत व्यवहारचातुर्य कसे ठरते?

मग दलालीवर बंदी घालावी काय? परदेशांचा अनुभव सावध करणारा आहे. दक्षिण कोरियाने ऑक्टोबर २०१४ मध्ये फोनवरील सवलतींना कायद्याने लगाम घातला. सर्वांना सारखी वागणूक मिळावी हा हेतू चांगला होता. पण कंपन्यांतील चढाओढ मंदावून फोन महाग पडतो, अशी ओरड झाली, आणि जुलै २०२५ मध्ये तो कायदा रद्द करण्यात आला. जपानने १ ऑक्टोबर २०१९ पासून फोनची किंमत आणि सेवेची किंमत वेगवेगळी ठेवण्यास कंपन्यांना भाग पाडले आणि करारापोटी दिल्या जाणाऱ्या सवलतीस २०,००० येनांची मर्यादा घातली. यांतून आम्ही घेतो तो बोध असा. सरकारने भाव ठरवू नये, दलालीचा दरही ठरवू नये. परंतु एकात मिसळलेले दोन सौदे सुटे करून दाखविण्यास व्यापाऱ्यास जरूर भाग पाडावे.

आणि त्यासाठी टोकियोकडे पाहण्याचीही गरज नाही. आपल्या घरीच दाखले आहेत. म्युच्युअल फंडांत शिरतेवेळी गुंतवणूकदाराकडून कापला जाणारा आकार ‘सेबी’ने १ ऑगस्ट २००९ पासून बंद केला, आणि आपल्याला कोणत्या योजनेवर किती दलाली मिळते हे विक्रेत्याने गुंतवणूकदारास सांगितले पाहिजे असे ठरविले. धंदा बुडेल म्हणून त्या वेळी हाकाटी झाली. धंदा बुडाला नाही. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याच्या माथ्यावरून काढून खरेदीदाराकडे नेली. त्याहूनही बोलका दाखला ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांचा आहे. एखादा प्रसिद्ध मनुष्य जाहिरातीत वस्तूची शिफारस करीत असेल आणि त्या वस्तूच्या कंपनीशी त्याचे आर्थिक संबंध असतील, तर ते उघड केले पाहिजेत, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यांत सांगितले. पडद्यावरील नटाने सांगावयाचे, आणि गिऱ्हाईकापासून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या पोराने मात्र सांगावयाचे नाही, हा कोठला न्याय?

आमच्या मागण्या तीनच आहेत आणि त्यांपैकी एकीलाही कोट्यवधींचा खर्च नाही. पहिली, दुकानात उभ्या असलेल्या कंपनीच्या माणसाच्या छातीवर मराठीतून स्पष्ट पट्टी असावी, ‘मी अमुक कंपनीचा प्रतिनिधी आहे’. दुसरी, प्रत्येक विक्रीच्या वेळी एकाच कागदावर तीन आकडे मोठ्या अक्षरांत लिहून द्यावेत. फोनची रोख किंमत, सर्व हप्ते व शुल्के मिळून होणारी एकूण किंमत, आणि विम्याची रक्कम. विमा ऐच्छिक असेल तर तसे लिहून त्यासाठी निराळी सही घ्यावी. तिसरी, सिम विकताना अथवा नंबर वळविताना गिऱ्हाईकाच्या गावी सेवा पोहोचते किंवा नाही हे कंपनीच्या नकाशावर दाखवूनच पुढे जावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क गिऱ्हाईकास दिला आहे. त्या हक्काचा विस्तार सांगणाऱ्यापर्यंत करावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. प्रामाणिक दुकानदारास यात भिण्यासारखे काही नाही. उलट शेजारच्या लटपट्या दुकानापासून त्याचे रक्षणच होईल.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर आमच्या वाचकांनी काही करावयाचे आहे. कर्जत-खालापूरच्या परिसरात ज्यांची शनिवार-रविवारची घरे आहेत, त्यांच्या ओट्यावर काम करणारी माणसे फोन घेताना त्यांनाच विचारतात. चिठ्ठीवर फोनचे नाव लिहून देणे पुरेसे नाही, हे मास्तरांच्या अनुभवाने दाखविले आहे. शक्य तर सोबत जावे. निदान तीन प्रश्न शिकवून पाठवावे. तू दुकानाचा की कंपनीचा? सगळे मिळून किती होतील? माझ्या गावात हे लागेल का? आणि फसगत झालीच तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवेचा १९१५ हा क्रमांक त्याच फोनवरून लावून द्यावा. महाराष्ट्रात ग्राहक चळवळ रुजविणाऱ्यांनी अर्धशतकापूर्वी हेच केले. त्यांनी प्रथम कायदा मागितला नाही. प्रथम गिऱ्हाईकाला प्रश्न विचारावयास शिकविले.

मास्तरांच्या प्रश्नाला आमचे उत्तर हे असे आहे. त्या बाईला कोणी खोटा माल दिला नाही, की पावतीवाचून पैसे घेतले नाहीत. तिने सल्ला मागितला आणि तिला विक्री मिळाली. त्या सल्ल्याची किंमत ती पुढे महिनोनमहिने भरणार आहे आणि फोन लावावयाचा तर वाडीबाहेरच्या टेकाडावर जाणार आहे. ती टेकडी चढण्याचे श्रम कोणत्याही कंपनीच्या हिशेबात लिहिलेले नाहीत. म्हणून ते येथे लिहिणे आम्हांस आवश्यक वाटले.